अनाथोथचं शेत

सबबी खोट्या असत्या तर किती बरं झालं असतं! खोटी सबब दुसऱ्याच्या तोंडून आली की लगेच ओळखू येते, आणि आपल्या तोंडून निघाली की रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर टोचत राहते. गाडं अडतं ते खऱ्या सबबींपाशी. पैसे नाहीत, हे खरंच असतं. वय झालं, हेही खरं. घरात आजारी माणूस आहे, चारचौघांत बोलायची सवय नाही, मागे एकदा करून पाहिलं आणि हात पोळले. यातलं काहीही रचलेलं नसतं. देवाच्या अभिवचनापुढे माणूस जी कारणं मांडतो ती बहुतेक अगदी खरी असतात, आणि म्हणूनच ती हलवता हलत नाहीत.

निर्गमाच्या पुस्तकातला मोशे मला त्यामुळे फार जवळचा वाटतो. ऐंशीच्या घरातला माणूस. मिसरात हातून खून झाला म्हणून परागंदा झालेला, मिद्यान देशात सासऱ्याची मेंढरं राखत म्हातारा झालेला. होरेब डोंगरापाशी त्याला जळतं झुडूप दिसतं आणि त्यातून आज्ञा येते की फारोकडे जा आणि माझ्या लोकांना सोडवून आण. मोशे म्हणतो, मी कोण जाणार? मग म्हणतो, तुझं नाव विचारलं तर काय सांगू? मग म्हणतो, ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. मग म्हणतो, माझी जीभ जड आहे. यातलं एक तरी कारण खोटं आहे का? तो खरोखरच कोणी नव्हता. लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवावा असं त्याच्या पूर्वायुष्यात काही नव्हतं, कारण पहिल्या वेळी मधे पडायला गेला तेव्हा त्याच्याच माणसानं त्याला तोंडावर विचारलं होतं की तुला आमच्यावर अधिकारी कोणी नेमलं?

आणि देव त्याची एकही सबब खोडून काढत नाही. तू मोठा माणूस आहेस, असं तो म्हणत नाही. तुझं बोलणं छान आहे, अशी समजूतही घालत नाही. मी कोण, या प्रश्नाला तो मोशेविषयी काही सांगतच नाही, मी तुझ्याबरोबर असेन एवढंच सांगतो. जड जिभेचं गाऱ्हाणं ऐकून तो विचारतो की तोंड कोणी केलं? हातात काय आहे, असंही तो एकदा विचारतो, आणि मोशेच्या हातात असते ती रोजची, मेंढरं वळायची काठी. सगळी उत्तरं अशीच येतात. मोशे स्वतःकडे बोट दाखवत राहतो आणि देव ते बोट आपल्याकडे वळवत राहतो.

पाचव्यांदा मात्र मोशेपाशी कारणही उरत नाही. तू दुसऱ्या कोणाला तरी पाठव, एवढंच तो म्हणतो, आणि तिथे देवाचा राग भडकतो. मी या जागेवर पुष्कळदा थांबले आहे. चार वेळा ऐकून घेतलं, पाचव्या वेळी का नाही? मला वाटतं, पहिल्या चारांत कितीही भीती असली तरी प्रश्न होता, आणि प्रश्नाला उत्तर देता येतं. पाचव्यात प्रश्नच नाही. दार लावून घेतलंय. तरीही त्या रागातच देव सांगतो की तुझा भाऊ अहरोन तुला भेटायला निघालाच आहे. मोशे नाही म्हणत होता तेव्हा मदत वाटेला लागलेली होती!

आणखी एक गोष्ट. हे सगळं बोलणं झालं ते पायातले जोडे काढून, त्या झुडपासमोर उभं राहून. मोशेनं आपली शंका मिद्यानात परत जाऊन सासऱ्यापाशी मांडली नाही, मेंढपाळांत बसून उगाळली नाही. ज्याच्याविषयी शंका होती त्यालाच विचारलं. शंकेचं हे मोठं बळ आहे, तिला विश्वासाचा शत्रू मानणं मला पटत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप रडत रडत आपला विश्वास आणि अविश्वास एकाच श्वासात येशूपुढे ठेवतो, तर त्याला कोणी हाकलून देत नाही. मुलगा बरा होतो. सबब मात्र अशी समोर जात नाही. ती आपण आपसांत बोलतो. चहाच्या कपावर, सभेनंतर चपला शोधताना, आणि सर्वांत जास्त म्हणजे एकट्यानं, मनातल्या मनात. तिला उत्तर येऊ नये याची आपणच तजवीज करून ठेवतो.

हा फरक मला सर्वांत स्वच्छ दिसला तो पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात. कोणत्याही अभिवचनावर विश्वास न ठेवायला त्यांच्याइतकी भक्कम कारणं फार थोड्या माणसांजवळ असतील.

1858 साली सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता. पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडलं. जवळ होतं ते दानधर्मात गेलं. व्रतं, उपास, जप, यांत त्यांनी काही कमी ठेवलं नाही. अशातच 1870 च्या दशकातला दुष्काळ आला. भीक मागायची लाज, अंगमेहनतीची सवय नाही, झाडपाल्यावर दिवस काढले, आणि थोड्या काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेले भाऊ-बहीण, श्रीनिवास आणि रमा, पायी भारतभर फिरले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत उतरले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. वीस वर्षांच्या आतली ती मुलगी, तोंडपाठ भागवत, आणि गळ्यापर्यंत वाळू. या प्रसंगापाशी मला पुढे वाचवत नाही.

त्या माणसांची श्रद्धा उणी होती असं कोणी म्हणू नये. जे होतं ते सगळं त्यांनी वाहिलं होतं. म्हणूनच रमाबाईंच्या मनातली पडझड मोठी होती. 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं, तेव्हा त्या आतून जवळजवळ रित्या झालेल्या होत्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, मुलगी झाली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत कॉलऱ्यानं नवराही गेला. चोविसाव्या वर्षी, कडेवर मनोरमा. मी कोण जाणार, असं म्हणण्याचा हक्क मोशेच्या खालोखाल कोणाचा असेल तर तो या बाईंचा होता.

पण वडिलांचं एक बोलणं त्यांच्याजवळ राहिलं होतं. मरण्याच्या आधी अनंतशास्त्र्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितलं होतं की मी तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. कोणता देव, हे पुढे मुलीनं शोधलं. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही कित्येक वर्षं त्यांच्या शंका संपल्या नाहीत. त्या वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी सिद्धान्तांवर पत्रांतून वाद घालत राहिल्या. हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांचा विश्वास कोणी हातावर ठेवलेला नव्हता. तो प्रश्न विचारत विचारत आलेला होता.

11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत मुलींसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पैशाची हमी अमेरिकेतल्या बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनची, दहा वर्षांची. 1893 मध्ये मुली ख्रिस्ती होतात म्हणून पुण्यात वादळ उठलं, सल्लागार मंडळातल्या मोठ्या माणसांनी राजीनामे दिले, कित्येक मुलींना पालक घेऊन गेले. दहा वर्षं संपली की काय, हा प्रश्न होताच. म्हणून पुण्याच्या पूर्वेला, दौंडच्या वाटेवर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळझाडं लावायची आणि त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा बेत होता.

1896 च्या एप्रिलमध्ये लोणावळ्याला एक प्रार्थनासभा भरली होती. रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. या पंधरा मुलींनी ख्रिस्ताचा स्वीकार केला होता. एका पहाटे रानात एकट्या प्रार्थना करताना त्यांच्या मनात आलं की देवाकडे या पंधराच्या पंधरापट मागाव्यात. म्हणजे 225. मागितलं, आणि लगेच हिशेब आडवा आला. सदनात तेव्हा पन्नासच्या आसपास मुली होत्या, पासष्टाच्या वर जागाच नव्हती. 225 येणार कुठून आणि राहणार कुठे?

अशा जागी आपण काय करतो? मागणं सुधारून घेतो. बरं, पंचवीस दे, म्हणतो. रमाबाईंनी मागणं कमी केलं नाही आणि शंका दडपलीही नाही. ती शंकाच त्यांनी देवापुढे ठेवली आणि एक वचन मागितलं. तेव्हा त्यांना आठवलं ते यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायातलं वचन. त्यात देव विचारतो की मला अवघड असं काही आहे का? त्यांनी आपल्या शास्त्रात त्या वचनाशी तारीख लिहून ठेवली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं, कारण तो अध्याय आमच्या घरचा होता.

माझे वडील दस्तलेखक होते. तालुक्याच्या गावी कचेरीच्या आवारात, लिंबाखाली त्यांचं टेबल. खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं, वाटणीपत्रं. त्यांचं अक्षर टपोरं आणि सरळ, खाडाखोड त्यांना खपत नसे. संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत यिर्मयाचा हा अध्याय आला की ते वाचता वाचता थांबत आणि धंद्याच्या नजरेनं त्याच्याकडे पाहत. "लिहून देणार हनामेल, लिहून घेणार यिर्मया," ते म्हणत. "भरणा सतरा शेकेल रुपं, तराजूत तोलून. साक्षीदारांच्या सह्या. एक दस्त मोहोरबंद, एक उघडा. दोन्ही बारूखच्या ताब्यात, आणि जास्त दिवस टिकावेत म्हणून मातीच्या भांड्यात. बघा पोरांनो, काही राहिलंय का? चतुःसीमा तेवढ्या लिहिलेल्या नाहीत."

मग ते पुस्तक मांडीवर ठेवून मूळ गोष्टीवर येत. सिद्कीया राजाचं दहावं वर्ष. बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमेला वेढा घातलेला. तटाला मातीचे चढ लागलेले, आत उपासमार आणि मरी. हे शहर पडणार, असं सांगितलं म्हणून यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमेपासून तास-दीड तासाच्या वाटेवर, शत्रूच्या सैन्यानं भरलेल्या मुलखात. "ज्या जमिनीवर आज पाय ठेवता येत नाही, उद्या आपला राजाही राहणार नाही, तिचा भाव काय करायचा?" वडील विचारत. आम्ही गप्प. "तरी यानं रोख मोजले. घासाघीस केल्याचं कुठे लिहिलेलं नाही."

देवाचं सांगणं असं की या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील. यिर्मयानं या अभिवचनावर विश्वास ठेवला तो सही करून. गंमत वाटेल, पण त्याची शंका सहीनंतरची आहे. दस्त बारूखच्या हाती दिल्यावर तो प्रार्थनेला बसतो. सुरुवातीला कबूल करतो की देवा, तुला काहीच अवघड नाही. मग इतिहास आठवतो, मग तटाशी आलेले ते चढ दाखवतो, आणि शेवटी पोटातलं ओठावर येतं की शहर शत्रूच्या हाती चाललंय आणि तू मला रोख पैसे मोजून शेत घ्यायला सांगितलंस! तेव्हा उत्तर येतं, आणि ते उत्तर म्हणजे यिर्मयाचंच पहिलं वाक्य, प्रश्न करून त्याला परत दिलेलं. रमाबाईंना लोणावळ्याच्या पहाटे आठवलं ते हेच.

मला या क्रमाचं नेहमी नवल वाटतं. आधी शंका पूर्ण फिटू दे, मग पाऊल टाकतो, असं आपण म्हणतो, आणि ते शहाणपणाचंही वाटतं. यिर्मयानं आधी पैसे तोलले. त्याच्या मनात खळबळ होती, पण तिनं हात धरला नाही.

रमाबाईंचंही तसंच झालं. त्याच 1896 च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. पहिल्यांदा त्यांच्याजवळही कारणं होती, आणि ती खरी होती. बोस्टनचे पैसे दुष्काळासाठी नव्हते. पुण्यात जागा नव्हती. शिवाय दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. आईबाप, बहीण, तो झाडपाला, सगळं पुन्हा डोळ्यांपुढे उभं राहणार होतं. पण तेच आठवून त्या निघाल्या. छावण्या आणि अनाथगृहं पाहिली, हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या, त्या मुलींवर टपून बसलेली माणसंही पाहिली. आणि मुली आणायला सुरुवात केली. काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली आणि बायका आल्या. लोणावळ्याचा आकडा मागे पडला.

त्यांना ठेवायचं कुठे? पुण्यात प्लेग. एवढी माणसं शहरात ठेवायला बंदी. तेव्हा केडगावची ती जमीन कामाला आली, फळबागेसाठी घेतलेली. तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या घातल्या. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. मुक्ती हे नाव यशयाच्या पुस्तकातलं, तटांना तारण म्हणण्याविषयीच्या अभिवचनातून घेतलेलं. ज्या दिवशी ते सुचलं असेल त्या दिवशी तिथे तट तर सोडाच, धड कूडही नसेल. बोस्टनची दहा वर्षं 1898 मध्ये संपली. नंतर गुजरातेत दुष्काळ पडला आणि 1900 च्या सुमारास केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. रोज दोन हजार तोंडं, आणि जमाखर्चाच्या वहीत ठरलेली अशी फारशी रक्कम नाही. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना, अंध बायकांसाठी ब्रेल. ज्या मुलींनी भुकेनं अक्षर तर काय, माणूसही ओळखला नव्हता, त्यांनी खिळे जुळवून पुस्तकं छापली.

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की आजही केडगाव स्टेशन लागतं. आता तिकडे ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, उकळत्या रसाचा वास गाडीत येतो. मिशन अजून चालू आहे. मोठ्या चर्चमध्ये मी एकदा दुपारी बसले होते. एक वयस्क बाई फरशी पुसत होत्या. त्यांनी मला पाय वर घ्यायला सांगितले, खालून पुसलं आणि म्हणाल्या, "बसा निवांत. इथं कुणी उठ म्हणत नाही." दुष्काळातून आलेल्या मुलींनाही पहिल्या दिवशी कोणी असंच म्हटलं असेल का, असं मनात आलं.

पण एवढ्यावर थांबलं तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. आणलेल्या सगळ्या मुली जगल्या नाहीत. भूक पोटातून जाते, पण शरीर इतकं पोखरून जाते की ताप आणि हगवण पुरेशी होते. केडगावच्या मातीत कितीतरी लहान कबरी आहेत. मनोरमा, जिच्यावर पुढची सगळी भिस्त, ती 1921 मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या. शेवटच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र आणत होत्या. मुक्तीच्या मुली ते छापत होत्या. पूर्ण छापलेलं शास्त्र 1924 मध्ये बाहेर पडलं, ते बाईंनी पाहिलं नाही. आणि यिर्मया? त्यालाही अनाथोथच्या शेतात एकदाही नांगर धरायला मिळाला नाही. शहर पडलं, आणि उरलेले लोक त्याला त्याच्या मनाविरुद्ध मिसरात घेऊन गेले.

म्हणजे अभिवचन खोटं पडलं का? मी हा प्रश्न अगदी गंभीरपणे विचारते, कारण विश्वासाच्या नावाखाली लोकांना भलतीच हमी देणारी माणसं मी पाहिली आहेत. अमुक विश्वास ठेवा, आजार जाईल. अमुक द्या, दुप्पट येईल. मग आजार जात नाही आणि त्या घरावर आजाराच्या जोडीला अविश्वासाचा ठपका बसतो. याची मला चीड आहे. आपली इच्छा देवाच्या तोंडी घालायची आणि तिला अभिवचन म्हणायचं, हा त्या दुखणाइतावर अन्याय आहे. मोशेला जे मिळालं ते सोबतीचं अभिवचन होतं. यिर्मयाला जे मिळालं ते देशाविषयी होतं. त्यात यिर्मया स्वतः ते पीक खाईल असा शब्द नव्हता. रमाबाईंनी मनोरमेच्या आयुष्याचा कागद देवाकडून लिहून घेतलेला नव्हता. सोबत त्यांना मिळाली, ती शेवटच्या अध्यायापर्यंत.

वडील या अध्यायानंतर कधी कधी एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडत. तो सहसा कोणी वाचत नाही, नुसती यादी आहे. बंदिवासातून परत आलेल्या लोकांची, गावनिहाय मोजदाद. बेथलेहेमचे इतके, नटोफाचे इतके. त्यात एक नोंद आहे, अनाथोथचे पुरुष 128. वडील ती ओळ वाचून दाखवत आणि पुढची यादीही पूर्ण वाचत. कोणाचं नाव सोडायचं नाही, ही त्यांची शिस्त होती.

आईची पद्धत निराळी. ती प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिला वचनांचे संदर्भ वडिलांइतके पाठ नव्हते. आमच्या भागात दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोड सुरू होते. बीडकडून कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, येतात, कारखान्याच्या बाजूला कोप्या पडतात. पाचटाच्या त्या त्रिकोणी झोपड्या, चुलीचा धूर, आईबाप पहाटे तीनला फडात गेलेले आणि लहानग्याला कडेवर घेऊन बसलेली आठ-नऊ वर्षांची बहीण. आमच्या मंडळीत एका रविवारी उपासनेनंतर या मुलांसाठी काही करावं असा विषय निघाला. पंच चांगली माणसं होती, कोणाचं मन वाईट नव्हतं. पण बोलणं वाढत गेलं तशी कारणंही वाढली. मुलं चार-पाच महिन्यांनी निघून जाणार, मग शिकवून उपयोग काय? तिथे वीज नाही. साप निघतात. मुकादम काय म्हणेल? कोणी म्हणेल, धर्म वाढवायला आले. वर्गणी किती जमणार? सगळं खरं होतं. विषय पुढच्या सभेवर गेला.

आई घरी आली, जेवली, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून जुना गुंडाळफळा काढून तिनं ओल्या फडक्यानं पुसला. मी म्हटलं, "आई, सभेत अजून ठरलं नाही. एकटी कुठं जाशील?" ती खडूची पेटी शोधत होती. म्हणाली, "एकटी कशाला? मी बरोबर येतो म्हणालाय तो. का तुमच्या त्या मोशेलाच म्हणाला होता?"

मुकादम पहिल्या दिवशी खरंच गुरकावला. आईनं त्याला त्याच्या मुलाचं नाव विचारलं आणि यादीत पहिलं तेच लिहिलं. कोपीच्या दांडीला फळा टांगला, खाली पोतं अंथरलं. मुलं येत, कडेवरच्या भावंडांसकट. मधेच कोणी पाण्याला जाई, कोणी मधेच झोपी जाई. धर्माचं ती काही शिकवत नसे. शिकवायची ते मुळाक्षरं, पाढे, आणि मुकादमाच्या वहीत आईबापांच्या नावापुढे लिहिलेली उचल वाचता येईल एवढे अंक. मार्चअखेर गाळप संपलं. एका सकाळी आई गेली तर माळ मोकळा. पाचटाचे ढीग आणि चुलीचे दगड.

घरी येऊन ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं, आता ती म्हणेल की पंचांचं खरं होतं. रात्रीच्या प्रार्थनेत तिनं मुलांची नावं घेतली, यादीतल्या क्रमानं, आणि मग देवाला स्पष्ट विचारलं की आता यांना तू कुठं गाठणार आहेस? आमच्या घरात प्रार्थनेत असं बोलत नसत. वडिलांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

पुढच्या हंगामात जे कोयते आले त्यांत जुनी मुलं थोडीच होती. बाकीची दुसऱ्या कारखान्यावर गेली होती, काही कर्नाटकात. एका मुलीचं तर लग्न झालं होतं, ते कळल्यावर आई दोन घास कमी जेवली. पण एक जण आली होती, तीच भावाला कडेवर घेणारी. भाऊ आता चालत होता. तिनं आईला कोपीतून लांबूनच ओळखलं आणि पळत येऊन सांगितलं की बाई, पंचवीसपर्यंत पाढे येतात, गावाकडं म्हणत होते रोज. त्याच आठवड्यात मंडळीची सभा होती आणि विषयपत्रिकेवर तो विषय पुन्हा होता. मी आईला आठवण केली.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "त्या पोरीची हातच्याची वजाबाकी राहिलीय." आणि फळ्याची गुंडाळी काखेत मारून ती बसस्टँडकडे निघाली.